बाबा घोड्यांपाशी बसले

आमच्या घरात बुद्धिबळातल्या घोड्याला घोडा म्हणत नसत. 'अडीच घरवाला' म्हणत. पाहुणे हसायचे, पण कोणी कारण विचारलं की आई पोह्यांची बशी पुढे करून विषय बदलायची. लहानपणी जत्रेतल्या फिरत्या चक्रात मला नेहमी मोटारीत नाहीतर हत्तीवर बसवत, घोडा रिकामा असला तरी. माझ्या लग्नात वरातीसाठी घोडा आणायचा मुलीकडच्यांचा हट्ट होता. तो आईने इतक्या कडकपणे मोडून काढला की पुण्याची माणसं खर्चाला भितात असा त्यांचा समज झाला, आणि तो आम्ही तसाच राहू दिला.

कारण साधं होतं. बाबा रेसला जायचे. टेलिफोन खात्यात नोकरी, स्वभाव गरीब, विडी-तंबाखूचंही व्यसन नाही. पण पुण्यात रेसचा मोसम सुरू झाला की शनिवार-रविवार ते घरात नसत, आणि बाकीचे पाच दिवस घरात असूनही नसत. पेन्सिल कानावर, रेसचं पुस्तक मांडीवर आणि नजर भिंतीपलीकडे. त्यात काय काय गेलं त्याची उजळणी मी करत बसत नाही. मी सहावीत असताना एके दिवशी आईने बॅग भरली, माझं दप्तर घेतलं आणि आम्ही साताऱ्याला मामाकडे गेलो. भांडण वगैरे झालं नाही. माझी आई भांडणारी बाई नाही, ती निघून जाणारी आहे.

सहावीचं वर्ष मी साताऱ्यात काढलं. बाबा दर शनिवारी सकाळच्या एसटीने यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. आई त्यांच्याशी बोलत नसे. ते मामाच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत, मामीच्या मिक्सरची वायर दुरुस्त करत, पेपरातलं खेळांचं पान न उघडता पेपर वाचत. रेसच्या दिवशी आपण कुठे आहोत हे तिला डोळ्यांनी दिसावं, एवढ्यासाठी हा माणूस वर्षभर त्या ओट्यावर बसला. मग आई परत आली. येताना तिने एकच गोष्ट सांगितली, की पुन्हा घोडा दिसला तर ती जाईल आणि मग ओट्यावर येऊन बसायची तसदी घेऊ नये. तिचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बाबांनी रेस सोडली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो शब्दही सोडला.

गेल्या वर्षी आईबाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला आले. आम्ही क्लेमेंटीला राहतो, नवव्या मजल्यावर. तिकिटं काढण्याआधी मी एक गोष्ट मनाशी तपासून घेतली होती. इथलं घोड्यांचं रेसकोर्स बंद झालेलं होतं. त्यामुळे मी निर्धास्त होतो. मुलगा आईबापांसाठी घराजवळ डॉक्टर आहे का ते बघतो, मी हे बघितलं.

आई दोन दिवसांत रुळली. बाबांना मात्र दिवस खायला उठायचा. बिल्डिंगच्या खाली जी मोकळी जागा असते, तिथे सकाळी हिंदुस्थानी म्हाताऱ्यांचा अड्डा जमायचा. सगळे मुलांकडे आलेले, सगळे परतीच्या तारखेकडे डोळे लावून बसलेले. त्यांचे म्होरके म्हणजे कानपूरचे एक काका. सिंगापुरात काय काय फुकट मिळतं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. कुठल्या देवळात कोणत्या दिवशी जेवण असतं, कुठल्या मॉलमध्ये पाय चेपायची खुर्ची फुकट आहे, सगळं तोंडपाठ. बाबा त्यांच्याबरोबर हिंडू लागले तेव्हा मला बरंच वाटलं. गळ्यात पासपोर्टची कापडी पिशवी अडकवून ते निघायचे आणि दुपारच्या जेवणाला परत यायचे.

त्या दिवशी परत आले नाहीत. मी आंग मो किओला ऑफिसात होतो, मीटिंग चालू होती, आणि आईचा फोन आला. आई ऑफिसच्या वेळात फोन करत नाही.

"तुझे बाबा घोड्यांपाशी बसलेत," ती म्हणाली. "जाऊन घेऊन ये."

आवाज अगदी सपाट. दुधाची पिशवी आण म्हणावं तसा. मी काही विचारायच्या आत तिने फोन ठेवला. तो शब्द तिच्या तोंडून मी सहावीनंतर पहिल्यांदा ऐकत होतो.

कानपूरच्या काकांचा नंबर होता, त्यांना लावला. ते खुशीत होते. सगळी मंडळी मिळून समुद्राकाठच्या कॅसिनोत गेली होती. परदेशी पासपोर्ट दाखवला की आत जायला एक पैसा पडत नाही, गारेगार एसी, चहा-कॉफी मशीनमधून हवी तेवढी. खेळायचं कोणालाच नव्हतं. पण तिथे मशीनचे घोडे पळतात, त्या मशीनपाशी बाबा बसले आणि हलेचनात. "बेटा, आपके पिताजी तो ऐसे जम गए कि चार बार बुलाया, उठे ही नहीं," काका म्हणाले. शेवटी ते लोक बसने परत आले आणि काकांनी वर येऊन हे सगळं माझ्या आईला हसत हसत सांगितलं होतं. तिला काय सांगतोय हे त्या बिचाऱ्याला काय माहीत.

मी लॅपटॉप तसाच टाकून निघालो. मी मुळात चिडका माणूस आहे. भीती वाटली की मला राग येतो, आणि एमआरटीच्या मेट्रोत बसल्यावर तो येतच गेला. आधी काकांचा, मग बाबांचा, मग ज्या कोणी डोकेबाज माणसाने मशीनमध्ये घोडे घातले त्याचा. रेसकोर्स बंद झालं म्हणून मी इकडे निश्चिंत बसलो होतो आणि शहराने घोडे आत एसीत नेऊन ठेवले होते. मधूनच मी आईचा विचार करत होतो. सत्तरी ओलांडलेली बाई, परक्या देशात, कुठे जाणार? पण जाईल, हे मला माहीत होतं. मामा आता नाही, तरी मामी आहे. आई साताऱ्याला जाईल, वरच्या खोलीत राहील आणि दोघंही उरलेलं आयुष्य दोन गावांत काढतील. मी इथून फोन करत राहीन, आधी एकाला, मग दुसऱ्याला.

कॅसिनोच्या दाराशी आणखी एक मजा. बाबा टुरिस्ट म्हणून फुकट. मी पीआर, कायम राहायचा परवाना असलेला, म्हणजे इथला धरला जातो, आणि इथल्या माणसाने जुगाराच्या नादी लागू नये म्हणून सरकार त्याच्याकडून आत जायचे पैसे घेते, तेही चांगले सणसणीत. मी खेळायला आलेलो नाही, माझ्या वडिलांना बाहेर काढायला आलोय, असं दारावरच्या मुलीला सांगून बघितलं. तिने अतिशय नम्रपणे पैसे भरायचं मशीन दाखवलं. भरले.

आत दिवस आहे की रात्र हे कळू नये अशीच व्यवस्था असते. जाड गालिचा, चहूबाजूंनी टिणटिणाट, आणि माणसं मात्र गप्प. घोडे शोधायला वेळ लागला. एका कोपऱ्यात आमच्या हॉलएवढी मोठी काचेची पेटी होती, आत हिरवीगार धावपट्टी, तीवर तळहाताएवढे घोडे आणि पाठीवर रंगीत टोप्यांचे जॉकी. पेटीभोवती खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीपुढे एक छोटा पडदा. घंटा होते, पैसे लावायला थोडा वेळ मिळतो, मग फाटक उघडतं आणि ते घोडे माना खालीवर करत खरोखरच पळतात. वरच्या स्पीकरवर एक माणूस जिवाच्या आकांताने त्यांची रेस सांगतो. संपली की घोडे आपले आपण पुन्हा रांगेत येऊन उभे राहतात.

बाबा पाठमोरे दिसले. इस्त्रीचा शर्ट, पांढरे केस नीट विंचरलेले. दोन्ही बाजूंना चिनी आजीबाई, तंद्री लागल्यासारख्या बटणं दाबत होत्या. बाबांच्या पडद्यावर आकडा पेटलेला होता. म्हणजे पैसे आत घातलेले होते. संपलं, असं मी मनात म्हणालो. घंटा झाली, घोडे सुटले, आणि वळणावर येताच बाबा पुढे झुकले. तो झुकण्याचा कोन मला ओळखीचा होता. बाहेरगावची रेस रेडिओवर ऐकताना ते असेच झुकायचे.

मी पुढे झालो नाही. हाक मारली की ते वळतील आणि मला तो चेहरा बघावा लागेल, त्याची मला धास्ती होती. म्हणून मी पेटीला वळसा घालून समोरच्या बाजूला गेलो आणि दोन रेसा तिथून त्यांना बघत राहिलो. चेहरा घामेजलेला होता, एवढ्या एसीत. ओठ हलत होते. पण काहीतरी चुकत होतं आणि काय ते लगेच लक्षात येईना. घंटा झाली, आजूबाजूचे सगळे हात पडद्यांवर गेले, तेव्हा दिसलं. बाबांचे हात वर नव्हतेच. दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून ते त्यांच्यावर बसले होते.

मी परत वळसा घालून त्यांच्या शेजारी गेलो. "बाबा," म्हटलं.

त्यांनी मान वळवली, हात काढले नाहीत. "आलास? बरं झालं बाबा आलास," ते म्हणाले. "हे एवढं बंद कर. माझा हात नको लागायला."

मला काहीच उमगेना. मी पडद्याकडे बघितलं, तिथे घोड्यांचे आकडे, रंगीत चौकोन, कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. मी सॉफ्टवेअरवाला, पण तिथे माझंही बोट अधांतरीच राहिलं. शेजारच्या आजीबाईंनी आपला खेळ न थांबवता खाली एका बटणाकडे हनुवटी केली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "युअर फादर व्हेरी स्ट्रेंज लाह. सिट सो लाँग, नेव्हर बेट. नॉट वन टाइम."

माझा जीव भांड्यात पडला. असं आपण नेहमी म्हणतो, पण तो पडतो तेव्हा खरोखर कळतं. मी बाबांच्या खुर्चीची पाठ धरली. त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटत होतं. मी बटण दाबलं, मशीनने एक चिठ्ठी बाहेर टाकली आणि पडद्यावरचा आकडा विझला. तेव्हा कुठे बाबांनी हात बाहेर काढले. बोटं पांढरी पडली होती आणि तळव्यांवर खुर्चीच्या शिवणीचे वळ उमटले होते. मी काही विचारणार तोच ते उठले आणि म्हणाले, "आधी संडास कुठे ते सांग." मुतारीच्या दिशेने माझे वडील इतक्या वेगाने चालू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर एका बाकावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. गुडघे दुखत होते, बसायला जागा दिसली. जो बसेल तो आधी फटीत नोट सरकवतो हे त्यांनी बघितलं. त्यांना वाटलं, हे बसायचं भाडं. रेसकोर्सवर स्टँडमध्ये बसायचे पैसे वेगळे आणि घोड्यावर लावायचे वेगळे, खिडकीही वेगळी. लावायचे नसले तरी बसायचे द्यावे लागतातच. म्हणून त्यांनी मी खर्चाला दिलेली नोट सरकवली आणि पाय लांब करून बसले. पडद्यावर आकडा पेटला आणि मशीन विचारू लागलं की कुठला घोडा, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण भाडं नाही, भलतंच काही दिलंय.

नोट परत येईना. पडद्याला हात लावायची भीती, कारण मागे एकदा मोबाइलला बोट लागून त्यांनी पाणी तापवायचे तीन हीटर मागवले होते. इथे बोट लागलं तर घोडा लागला. मी म्हटलं, मग सोडून द्यायची नोट, उठून यायचं. एका नोटेसाठी कोणी दिवस घालवतं का.

"नोटेचं नाही रे," बाबा म्हणाले. "मी उठलो असतो तर दुसरा कोणी येऊन बसला असता आणि माझ्या पैशांवर खेळला असता. पैसे माझे, म्हणजे लावले मीच. तुझ्या आईला काय सांगणार होतो?"

कानपूरच्या काकांना विचारावं असं बाबांना वाटत होतं, पण तोंडच उघडेना. नोट काढायला मदत मागायची तर एवढं घाबरायचं कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण आमच्या घरात आम्ही एकमेकांनाही सांगत नाही. फोन घरी चार्जिंगला लावलेला. म्हणून हा माणूस हात मांडीखाली घेऊन बसून राहिला. कोणीतरी आपलं येईपर्यंत.

मी हसायला लागलो. थांबेचना. बाबा आधी रागावले, मग तेही हसले. इतक्या वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. चिठ्ठीची नोट मी आतच करून घेतली होती, ती टॅक्सीला देऊ असं ठरवलं. एमआरटीत गर्दीच्या वेळेला त्यांना उभं करायची माझी इच्छा नव्हती.

टॅक्सीत ते आपणहूनच म्हणाले, की त्या मशीनमध्ये काही अर्थ नाही. सगळ्यांची चाल एकच. खरा घोडा फाटकात शिरताना कान कसे करतो त्यावरून कळतं, त्याचं मन आज आहे का नाही. इथे कानच हलत नाहीत. ते असं बोलत होते की जणू आम्ही हा विषय रोज काढतो. मी आपला हं हं करत राहिलो. घर जवळ आलं तसं मी त्यांना सुचवलं, की आईला सांगू या, तुम्ही नुसते बघत बसला होतात. नोटेचं वगैरे काढायला नको.

आईने दार उघडलं. बाबांनी एक बूट काढला, दुसरा पायातच होता, आणि त्यांनी सगळं सांगितलं. नोटेसकट. आजीबाईंसकट. आई दाराला हात लावून उभी होती. मी बाबांच्या मागे उभा होतो, हातात ऑफिसची बॅग आणि तोंडात साक्ष तयार ठेवून. ती द्यायची वेळच आली नाही.

"बटण नाही दाबलंत," आई म्हणाली.

"नाही."

"आणि मनात?"

बाबांनी दुसरा बूट काढला, जोडीने नीट ठेवला. "मनात लावला," ते म्हणाले. "प्रत्येक रेसला."

"मग?"

"एकदाही आला नाही."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. दार सोडून आत येऊन खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. बाबा तिच्यासमोर मोज्यांवर उभे होते, परीक्षेत पास झालोय की नाही हे न कळलेल्या पोरासारखे.

"चहा टाकते," म्हणून ती उठली, पण स्वयंपाकघरात न जाता त्यांच्या खोलीत गेली. पाठोपाठ बाबाही गेले. बराच वेळ कोणी बाहेर येईना, म्हणून मी चहा करून दोन कप घेऊन गेलो. पलंगावर आईची बॅग उघडी होती. सगळ्या साड्या आत, घड्या करून, वर औषधांचा डबा, त्यावर तिचा पासपोर्ट. एका बाजूला एअरलाइनचा नंबर माझ्या बायकोच्या अक्षरात लिहिलेला कागद. बॅग पुरती भरून झाली होती, फक्त चेन लावायची राहिली होती. कप हातात धरून मी दारातच थांबलो.

बाबांनी ती बॅग बघितली होती. ते वाकून एकेक साडी बाहेर काढत होते आणि आई उघड्या कपाटापाशी उभी राहून ती घेत होती, लावत होती, पुन्हा हात मागे करत होती.

"कुठला लावत होतात?" तिने कपाटात बघतच विचारलं.

"पाच नंबर."

"दर वेळी पाचच?"

"त्याची टोपी निळी होती," बाबा म्हणाले. "छान होती."

"टोपी बघून लावत होतात. मग कसा येईल," आई म्हणाली आणि पुढच्या साडीसाठी हात मागे केला.